क्विंटलले का?

दसऱ्यानंतरच्या सोमवारची संध्याकाळ, ६ ऑक्टोबर २०२५. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका कृषी केंद्रासमोरचं बाकडं. आत युरियाच्या पोत्यांचा आणि कीटकनाशकांचा उग्र वास, बाहेर दिवसभराच्या रिपरिपीनं झालेला चिखल, आणि बाकड्यावर चार पोट्टे चार मोबाईल घेऊन बसलेले. त्यातला एक जण एका आबाजींची ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करत होता. सातबारा, आधार, पेऱ्याची नोंद सगळं भरून झालं होतं, फक्त ओटीपी येत नव्हता. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर त्या हंगामात ही नोंदणी लागायचीच, म्हणून आबाजी तासभर जागचे हलले नव्हते. तेवढ्यात शेजारचा पोट्टा, बॅटरीवरचे फवारणी पंप दुरुस्त करणारा, जवळजवळ उठूनच उभा राहिला. “एक कोटी अकरा लाख! पाय न बे, एक कोटी अकरा!”

आबाजींनी मान वळवली. “कायचा भाव हाय रे बाप्पा?”

“बिटकॉइनचा, आबाजी.”

आबाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी मनापासून विचारलं, “क्विंटलले का?”

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. एकाच्या नाकातून चहा आला. दुकानदार आतून हसत बाहेर आला आणि त्यानं ते वाक्य मुद्दाम पुन्हा म्हणायला लावलं. आबाजी चिडले नाहीत. “नाही म्हंतो, भाव हाय तर माप असनच न,” एवढं बोलून त्यांनी पुन्हा ओटीपीकडे लक्ष लावलं. रात्रीपर्यंत ‘क्विंटलले का?’ पोट्ट्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर पोचलं होतं. कुणी कसलाही भाव टाकला, की खाली तेच. डॉलर अठ्ठ्याऐंशी? क्विंटलले का? सोनं? क्विंटलले का? मला खटकलं ते एवढंच, की आबाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाकड्यावर कुणीच दिलं नाही.

कारण उत्तर आहे, आणि अगदी साधं आहे. तो भाव एका अख्ख्या बिटकॉइनचा, म्हणजे इंटरनेटवरच चालणाऱ्या आभासी नाण्याचा. एका बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे पडतात, त्या एका तुकड्याला सातोशी म्हणतात. त्या संध्याकाळच्या भावानं एक सातोशी साधारण अकरा पैशांना पडत होता, म्हणजे एका रुपयाला नऊ सातोशी. बाकड्यावरच्या चौघांत मिळून अख्खं बिटकॉइन सोडा, त्याचा शंभरावा हिस्साही नव्हता. पाच हजार रुपये टाकलेल्याच्या हाती पंचेचाळीस हजार सातोशी, ॲपच्या भाषेत ०.०००४५. हे शून्य मोजताना चूक होते, आणि शून्यांची लाज वाटते म्हणून पोट्टे दुसरीकडे वळतात. एक पैशाचं, अर्ध्या पैशाचं कुठलंसं कुत्र्या-मांजराच्या नावाचं नाणं घेतलं की हातात लाखभर नग येतात. ‘एक रुपयाले गेलं तर?’ हा हिशेब मग रात्रभर चालतो. असे एकूण नग किती छापलेत ते कुणी बघत नाही. बिटकॉइन दोन कोटी दहा लाखांवर कधी जाणार नाही, हे त्याच्या नियमातच लिहिलेलं आहे. त्या अर्ध्या पैशाच्या नाण्याचे नग अब्जांत, काहींचे तर त्याच्याही पुढे असतात. अशा काहींचे सगळे नग गुणिले एक रुपया केलं, तर येणारी रक्कम देशाच्या अर्थसंकल्पाला लाजवते. कापसाच्या बाबतीत असली चूक इथलं शेंबडं पोरही करत नाही. भाव म्हटला की क्विंटल, आणि क्विंटल म्हटलं की कट्टी (वजनातली कपात) किती, ओलावा किती, काटा कुणाचा, हे प्रश्न आपोआप मागून येतात.

ग्रुपवरची भाषा मात्र ऐकण्यासारखी आहे. जगभर या नाण्यांचे वेडे भाव चढला की ‘चंद्रावर चाललो’ म्हणतात. इथं ते ‘चंद्रपूरले निंगालं’ झालं आहे. चढता चढता अडलं, की ‘हिंगणघाटले पंक्चर’. जग लॅम्बोर्गिनीची स्वप्नं बघतं, इथं ‘थार कवा घेतो बे?’ एवढ्यावर भागतं. मोठ्या रकमा एकदम हलवणाऱ्यांना तिकडे देवमासे म्हणतात, इकडे ‘शेठ’. शेठनं माल काढला, शेठ दाबून राह्यला, ही वाक्यं जिनिंगच्या दारातून जशीच्या तशी उचललेली. चार दिवस चमकून विझणाऱ्या नाण्याला ‘आपट्याचं पान’. आणि उधारीचा, म्हणजे थोड्या पैशावर उचललेला मोठा, सौदा बुडून खातं साफ झालं, की ‘उलंगवाडी’. हा शब्द सगळ्यात अचूक. शेवटचा वेचा झाला की वावर उघडं टाकतात, ढोरं घुसतात आणि पऱ्हाटीवर राहिलेलं सगळं चरून टाकतात. खातं साफ झालेल्या माणसाला आपल्या स्क्रीनवर दिसतं ते नेमकं हेच.

या गप्पांना वेळापत्रकही आहे. हा बाजार कधीच बंद होत नाही. रविवार नाही, पोळा नाही, अमावस्या नाही. तरी चोवीस तासांत काही वेळा ठरलेल्या असतात. जागतिक घड्याळाचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. चार्टवरची दिवसाची मेणबत्ती (त्या दिवसाचा भाव दाखवणारी उभी पट्टी) तेव्हा बंद होते आणि नवी सुरू होते. म्हणजे गावात म्हशीखाली बसायच्या वेळेला. उधारीच्या सौद्यांवर ‘फंडिंग’ नावाचं भाडं बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी फिरतं: साडेपाच, दुपारी दीड, रात्री साडेनऊ. चढण्याच्या बाजूला गर्दी असेल तर चढण्यावर लावणारे उतरण्यावर लावणाऱ्यांना भाडं देतात, गर्दी उलटली की उलटं. रक्कम टक्क्याच्या शंभराव्या भागासारखी बारीक दिसते, पण ती लावलेल्या पैशावर नसते, पूर्ण सौद्यावर असते. पाच हजारांवर लाखाचा सौदा उचलला असेल तर भाडं लाखावर. आणि संध्याकाळी सात वाजता (थंडीत आठ) अमेरिकेचा शेअर बाजार उघडला की खरी हालचाल. त्या वेळेला पोट्टे जेवून जागलीला निघालेले असतात. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी सप्टेंबरपासून वावरात मचाण असतंच. झटका मशीनची बारा व्होल्टची बॅटरी सौर पाटीनं दिवसभर भरलेली असते, तिला गाडीतला यूएसबी चार्जर जोडला की मोबाईल रात्रभर टिकतो. चार वावरांतल्या चार मचाणांवर चार उजेडाचे चौकोन, मधे अंधार, खाली किरकिरणारे किडे, आणि ग्रुपवर: “काय करून राह्यला बे?” “डुकरं अन् बिटकॉइन पाहून राह्यलो.” “कोणतं आलं?” “दोन्ही पळाले.”

वरवर बघता हे सगळं नवं. पण दूरच्या भावावर डोळा ठेवून बसणं या मातीला काही नवीन नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा तो कोसळला. लिव्हरपूलचा बाजार ज्यांनी जन्मात पाहिला नाही, त्यांच्या घरच्या पंगती त्या बाजारानं वाढवल्या आणि मोडल्या. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव तारेनं यायचा आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्ककडून येणारे ते आकडे थांबले, तेव्हा माणसांनी आकडे मडक्यातून काढायला सुरुवात केली. मटक्याचं मूळ असं कापसात आहे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्याचे दोन शब्द आज पोट्ट्यांच्या चार्टवर वरच्या ओळीत तसेच लिहिलेले असतात. आजही जिनिंगवाल्याला ‘भाव काहून पडला’ विचारलं, तर तो न्यूयॉर्कचा वायदा आणि सरकीचा दर अशी दोन नावं घेतो. २०२५ च्या हंगामात तिसरंही घ्यायचा: कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क केंद्रानं त्या ऑगस्टमध्ये काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि खेडा खरेदीवाला त्याच्या हजारभर खाली बोलायचा, तेव्हा हमीभावाच्या केंद्राची वाट बघत कापूस घरात ठेवावा लागायचा.

घरात ठेवलेला कापूस ज्यानं पाहिला नाही त्याला ‘होल्ड’ म्हणजे काय ते कळायचं नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत रास. माणसं सपरीत झोपतात. पोरांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. दिवा लावताना, चूल पेटवताना जीव मुठीत. उंदीर येतात, उंदरामागं दुसरंही काही येतं. आणि तो वाळत असतो. बारा टक्के ओलाव्याचा क्विंटलभर कापूस आठ टक्क्यांवर आला, तर वजनात जवळपास सव्वाचार-साडेचार किलोंची घट येते. आज सात हजारांनी विकला असता, तो नंतर तेवढ्याच पैशांना जायचा तर भाव सात हजार तीनशेच्या वर जावा लागतो. दुसऱ्या बाजूनं, सीसीआय आठ टक्क्यांवरच्या ओलाव्याला पैसे कापते आणि बाराच्या वर घेतच नाही, म्हणून वाळवावाही लागतो. २०२२ च्या उन्हाळ्यात भाव बारा हजारांच्या पार गेला होता. त्या आकड्याच्या आठवणीवर पुढच्या हंगामात अख्ख्या विदर्भानं कापूस धरून ठेवला, आणि बऱ्याच जणांनी तो उन्हाळा संपता संपता सात हजारांच्या आसपास दिला. हिवाळ्यात साडेआठ-नऊ मिळत होते तेव्हा न विकल्याचं शल्य अजून बोलण्यात येतं.

नाणेवाल्यांचा ‘होडल’ हा शब्द डिसेंबर २०१३ चा. भाव धाडकन पडलेला असताना दारू चढलेल्या कुणा एकानं ‘मी धरून बसलोय’ असं लिहिताना इंग्रजी ‘होल्ड’चं स्पेलिंग चुकवलं आणि जगानं ती चूक झेंड्यासारखी उचलली. तेव्हापासून पडझड झाली की एकमेकांना धीर द्यायला तोच शब्द. त्यांच्याकडे धीराची कारणंही आहेत. २०१७ च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरला टेकलेलं नाणं वर्षभरात सव्वातीन हजारांच्या खाली गेलं, २०२१ च्या नोव्हेंबरात एकोणसत्तर हजार झालं, पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांच्या खाली, आणि ५ डिसेंबर २०२४ ला एक लाख ओलांडलं. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही ठोकळ्या-ठोकळ्यांनी (ब्लॉक) लिहिली जाते, आणि संगणकावर कोडं सोडवून ठोकळा जोडणाऱ्यांना खाणकाम करणारे म्हणतात. दर २,१०,००० ठोकळ्यांनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, खाणकाम करणाऱ्यांना मिळणारी नवी नाणी निम्मी होतात. सुरुवातीला दर दहा मिनिटांच्या ठोकळ्याला पन्नास, एप्रिल २०२४ पासून सव्वातीनच्या किंचित खाली, ३.१२५. पेरा दर चार वर्षांनी निम्मा करायचा असा कायदाच असलेलं हे पीक. भाव वाढला म्हणून जास्त माणसं खाणीत उतरली तरी उत्पादन वाढत नाही. दर २,०१६ ठोकळ्यांनी कोडं त्या प्रमाणात अवघड केलं जातं. तूर महाग झाली की पुढच्या साली सगळे तूर पेरतात आणि तिचा भाव मातीत जातो. हे ज्यानं तीन वेळा भोगलं, त्याला या नियमाची भुरळ पडणार, यात नवल नाही. बाकड्यावरच्या पोट्ट्यांनाही ती याच कारणानं पडली असावी असा माझा कयास आहे. बोलताना मात्र ते थारचंच बोलतात.

आता घट. नाण्याला वजन नाही, खाज नाही, उंदीर नाही. पण कट्टी आहे, आणि ती कापसाच्या कट्टीहून मोठी आहे. विकताना शंभरातला एक रुपया टीडीएस, जुलै २०२२ पासून. तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरायचं, आणि ज्याच्या घरात शेतीच्या करमुक्त उत्पन्नापलीकडे काही नाही, त्यानं ते कधी भरलेलं नसतं. एक्सचेंजचं (नाणी घ्यायच्या-विकायच्या ॲपचं) शुल्क, त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, खरेदी आणि विक्रीच्या भावातली फट. त्यानंतर नफ्यावर तीस टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. समजा दोन नाण्यांत दहा-दहा हजार टाकले. एकाचे पंधरा झाले, दुसऱ्याचे पाच. दोन्ही विकली. वीस घातले, वीस आले, हात झटकून घरी जावं असं वाटतं. पण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. पाच हजारांच्या नफ्यावर पंधराशे कर, साठ उपकर. काही न कमावता १,५६० रुपये देणं. बाजार समितीत एका गाडीचा तोटा दुसऱ्या गाडीत धरायचा नाही असा नियम कुणी काढला असता, तर दुसऱ्या दिवशी यार्डाला कुलूप लागलं असतं.

ही कट्टी टाळायला पोट्टे पीटूपीकडे जातात आणि तिथं खरा खड्डा आहे. पीटूपी म्हणजे माणसाकडून माणसाला. एक्सचेंज मधे फक्त नाणं अडकवून ठेवतं, रुपये सरळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. घेणाऱ्यानं ऑर्डर टाकली की साधारण पंधरा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. त्यात पैसे पाठवायचे, ‘पैसे दिले’ दाबायचं, समोरच्यानं पैसे आलेले बघून नाणं सोडायचं. घेताना फार तर उशीर होतो. गोची विकताना होते. तुमच्या खात्यात दहा हजार येतात ते कुणाचे हे तुम्हाला ठाऊक नसतं. कुठल्या दूरच्या राज्यात कुणाला तरी वीज तोडायची धमकी देऊन लुबाडलेलं असतं, तो माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि ते पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती खाती एकामागून एक गोठतात. तुमचं चौथं-पाचवं असतं. बँकेत गेलं की साहेब एक ईमेल दाखवतो: अमुक राज्याचे सायबर पोलीस, अमुक तक्रार क्रमांक. मग ऑर्डरचा स्क्रीनशॉट, खातेउतारा, ओळखपत्र आणि तपास अधिकाऱ्याला अर्ज, असं टपाल आणि फोन सुरू. गावात तर खातं बहुधा एकच, त्यातच बापाचे पीएम किसानचे दोन हजार, त्यातच पीकविमा, त्यातच कापसाचे पैसे. एका पोट्ट्याच्या दहा हजारांसाठी अख्खं घर अडतं. यातून वाचायचे मार्ग साधे आहेत आणि ग्रुपवर ते जुने जाणते सांगतातही: पिकाचं खातं या कामाला लावू नये, ऑर्डरवरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव एक नसेल तर नाणं सोडू नये आणि पैसे परत करावेत, आणि सरळ पॅन जोडलेल्या देशी एक्सचेंजवर विकून एक टक्का सोसावा. सांगतात, आणि वर कुणीतरी लिहितं, “हाव जी गुरुजी.”

दुसरी सूचनाही अशीच हसण्यावारी जाते. नाणं स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं की बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. ते शब्द म्हणजेच नाणं, मोबाईल नव्हे. मोबाईल विहिरीत पडला तरी दुसऱ्या मोबाईलवर तेच शब्द त्याच क्रमानं घातले की सगळं परत. त्यांचा फोटो काढला की तो आपोआप ढगात (क्लाउडवर) चढतो आणि ज्याला ईमेलचा पासवर्ड सापडला त्याला नाणं सापडलं. म्हणून कागदावर, आणि कागद दोन जागी, कारण एका जागेला उदई लागते. शब्द २,०४८ च्या ठरलेल्या यादीतले असतात आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी, त्यामुळे शेवटची अक्षरं पुसली तरी चालतं. पाठवताना पत्त्याची सुरुवात बघावी, कारण प्रत्येक नाण्याचं जाळं (नेटवर्क) वेगळं. ‘टी’नं सुरू होणारा पत्ता ट्रॉनचा, ‘शून्य-एक्स’ इथेरियमच्या घराण्याचा, ‘बीसी-वन’ बिटकॉइनचा. एक्सचेंजवरून काढताना जाळं चुकीचं निवडलं, तर पैसे परत मिळवायला गाव पालथं घालावं लागतं आणि तरी मिळतीलच असं नाही. आधी शंभराचं पाठवून बघावं. वखारीत पहिलं पोतं उतरवून काटा बघतात, तेच.

मग ती १० ऑक्टोबरची रात्र आली. शुक्रवार. रात्री साडेआठच्या सुमारास पहिली कुजबुज झाली. अमेरिकेचे अध्यक्ष चीनवर मोठे कर लावायचं बोलले होते. एक लाख बावीस हजार डॉलरच्या जवळचा भाव हलायला लागला. ग्रुपवर ‘हिंगणघाटले पंक्चर’ चार जणांनी टाकलं. पंपवाल्या पोट्ट्यानं दुपारीच पाच हजारांवर वीसपट उधारीचा सौदा उचलला होता, म्हणजे लाखाचा. वीसपट म्हणजे भाव पाच टक्के उलटा गेला की पाच हजार संपले. खरं तर पाचच्याही थोडं आधीच, कारण स्वतःचं नुकसान होऊ नये म्हणून एक्सचेंज काठावरच सौदा तोडतं. त्याची रेघ एक लाख सोळा हजारांच्या आसपास होती. अकरा वाजता त्यानं लिहिलं, “स्टॉप लावतो पाहून.” स्टॉप म्हणजे भाव ठरलेल्या रेघेला आला की आपोआप विकायची ऑर्डर. पण स्टॉप ऑर्डरसोबतच लावायचा असतो, तो एक्सचेंजच्या संगणकावर बसतो. डोक्यात लावलेला स्टॉप मचाणावरच्या एका दांडीच्या नेटवर्कवर अवलंबून असतो. त्यातही स्टॉप-लिमिट लावला तर भाव धाडधाड कोसळताना त्या मर्यादेवरून उडी मारून खाली जातो आणि ऑर्डर तशीच लटकत राहते. अशा वेळी मिळेल त्या भावाला विकणारा स्टॉप-मार्केटच कामाचा, जरी त्यात चार पैसे जास्त जातात.

अडीच-तीनच्या सुमाराला, चीनवर शंभर टक्के कराची घोषणा झाल्यावर, बांध फुटला. भाव एक लाख पाच हजारांच्याही खाली टेकून आला. एक जण उधारीत बुडाला की त्याचा माल सक्तीनं विकला जातो, त्या विक्रीनं भाव आणखी पडतो, त्यानं पुढचा बुडतो. एका दिवसात जगभरात एकोणीस अब्ज डॉलरहून जास्त उधारीचे सौदे असे तुटले. बारक्या नाण्यांना तर त्या काही मिनिटांत कुणी गिऱ्हाईकच नव्हतं. अर्ध्यावर, त्याच्याही खाली आली. ज्यांनी उधारी न करता स्वतःच्या पैशानं घेऊन ठेवलं होतं आणि झोपले होते, त्यांचं रात्रीत एक सातोशीही कमी झालं नाही. ग्रुपवरचे निरोप असे होते:

“उठ बे. कत्तल झाली.”

“किती?”

“एकशेपाच.”

“क्विंटलले का?”

त्याच्यावर कुणी हसण्याचं चित्र टाकलं नाही. बऱ्याच वेळानं पंपवाल्यानं एकच शब्द लिहिला, “उलंगवाडी.” मग कुणीतरी डुकरं आल्याचं सांगितलं, आणि ती खरंच आली होती की विषय बदलायला लिहिलं होतं, कळायला मार्ग नाही.

दोन-तीन दिवसांत भाव एक लाख पंधरा हजारांपर्यंत परत चढला. मंगळवारी संध्याकाळी बाकड्यावर पुन्हा तेच चौघं. दुकानदारानं पंपवाल्याला चहा स्वतःहून दिला, एरवी देत नाही. आबाजीही आले होते, नोंदणीचं काय झालं ते विचारायला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मूठभर कापूस. झालेल्या प्रकाराची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, गावात पोचतेच.

“भाव पडला म्हंतेत तुमचा.”

“पडला होता आबाजी. चढला आता. तुमच्या हिशेबानं सांगू का? अकरा पैशाचा नऊ पैशाले आला, आता दहा पैशाच्या आसपास हाय.” हे नोंदणी करून देणाऱ्यानं सांगितलं. त्यानं मधल्या दिवसांत कधीतरी आकडेमोड करून ठेवली असावी.

“अन् वजन? वजन तर तेवढंच हाय न?”

या प्रश्नावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. जगभरचे नाणेवाले पडझडीत एकमेकांना एकच दिलासा देतात, ‘एक बिटकॉइन म्हणजे एक बिटकॉइन’. आबाजी त्याच जागी स्वतःच्या वाटेनं येऊन पोचले होते.

“ज्यानं इकत घेतलं होतं त्याचं तेवढंच हाय,” पोट्टा म्हणाला. “ह्याचं नाई राह्यलं.”

आबाजींनी पंपवाल्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. पिशवीतला कापूस काढून मुठीत दाबला, सोडला, तो किती फुलून वर येतो ते बघितलं. मग त्यातली एक सरकी सोलून दाताखाली धरली. वाळलेली असली की ती कट्‌कन फुटते.

आवाज आला नाही.

“अजून चार दिवस,” असं म्हणत त्यांनी ती थुंकून टाकली आणि केंद्र कवा उघडते ते पाय म्हणून ॲपकडे बोट दाखवलं. नेटवर्क एकच दांडी होतं. चौघंही आपापले मोबाईल वर धरून उभे राहिले.